लॅसिक, स्माइल की पीआरके: ५०८ मायक्रॉनचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका ताईंची मुलगी २४ वर्षांची, पुण्यात आयटीत नोकरीला. उजव्या डोळ्याला मायनस ५ आणि मायनस १ सिलिंडर (एकाच दिशेला लागणारा जादा नंबर), डाव्याला मायनस साडेपाच. डिसेंबरात लग्न आहे, त्याआधी चष्मा घालवायचाय. लेझरने नंबर काढण्यासाठी तीन ठिकाणी दाखवलं. एकाने काँटूरा सांगितलं, ८५ हजार. दुसऱ्याने स्माइल, १ लाख २० हजार. तिसरा म्हणाला, साधं पीआरके करा, ४५ हजार. कॉर्नियाची जाडी उजवीकडे ५०८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), डावीकडे ५१२. 'तिघांनी तीन सांगितलं, खरं कोणाचं?' असं ताईंनी विचारलंय. शेवटी आणखी दोन ओळी: मुलीचे डोळे उन्हाळ्यात फार खाजतात, चोळत बसते, आणि ताई स्वतः ४६ वर्षांच्या, नंबर मायनस अडीच, त्यांचंही जमेल का?

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे. डोळे चोळण्याची. तिच्याकडे येतोच, पण आधी या तीन नावांचा गुंता सोडवू. तो वाटतो तेवढा मोठा नाही.

मी नेत्रतज्ज्ञ, २२ वर्षं नंबर काढायच्या शस्त्रक्रियांचं हेच काम करतोय. तिन्ही प्रकार करतो, त्यामुळे कुठल्या एका मशीनची तरफदारी करण्यात मला रस नाही. ज्यांच्याकडे एकच मशीन आहे त्यांच्याकडे गेलात की उत्तर बहुतेक वेळा तेच मशीन असतं. दरवेळी त्यात लबाडी असते असंही नाही. हाताला सवय असलेलं हत्यार माणूस आधी उचलतो.

घड्याळाच्या तबकडीवर काच असते तसा डोळ्याच्या काळ्या भागावर एक पारदर्शक घुमट असतो, तो कॉर्निया. मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. सरासरी ५४० मायक्रॉनच्या आसपास धरतात. आपल्याकडे त्याहून थोडी कमीही रोज बघायला मिळते. मायनस नंबर म्हणजे प्रकाश पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतो. घुमटाचा मधला भाग थोडा चपटा केला की तो बरोबर पडद्यावर पडतो. चपटा करायचा तर मधलं थोडं मांस काढावं लागतं. तिन्ही शस्त्रक्रिया हेच करतात. पेशंट 'नंबर पुसून टाका' म्हणतात तेव्हा मी त्यांना हे आवर्जून सांगतो, की पुसताना कॉर्नियातलं काहीतरी जातं आणि गेलेलं परत भरून येत नाही.

हे काढण्याचं काम करणारा एक्सायमर लेझर १९३ नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अतिनील किरण. त्याची गोष्ट मला आवडते म्हणून सांगतो. मद्रासमध्ये जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. १९८१ च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस त्यांनी प्रयोगशाळेत आणलं आणि त्यावर हा लेझर मारून बघितला. कडा जळल्या नाहीत, काळवंडल्या नाहीत. सुरीलाही जमणार नाही असा स्वच्छ चर पडला. दोन वर्षांत स्टीफन ट्रोकेल या नेत्रतज्ज्ञाबरोबर त्यांनी तोच लेझर कॉर्नियावर वापरून दाखवला. एका ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन निघतो. केसाची जाडी सत्तर-ऐंशी मायक्रॉन धरली तर काम किती बारीक आहे ते कळेल.

आता तुमच्या मुलीला सांगितलेली तीन नावं.

पीआरके सगळ्यात जुनं. कॉर्नियावर पन्नासेक मायक्रॉनची एक नाजूक साल असते, एपिथेलियम. ती काढायची, खाली लेझर मारायचा, वर पट्टीसारखी एक कॉन्टॅक्ट लेन्स ठेवायची. चार-पाच दिवसांत साल पुन्हा उगवते. कोणी साल ब्रशने काढतात, कोणी पातळ अल्कोहोलने, आणि हल्ली लेझरच तीही काढतो; त्याला ट्रान्स-पीआरके म्हणतात. कुठेही चीर नाही, झाकण नाही. मात्र पहिले दोन-तीन दिवस वाईट जातात. डोळ्यात मिरची गेल्यासारखं होतं, पाणी गळतं, उजेड नको वाटतो. नजरही लगेच साफ होत नाही. पंधरा-वीस दिवस धुकट, पूर्ण बसायला दोन-तीन महिने.

लॅसिकमध्ये साल काढत नाहीत. कॉर्नियाचा वरचा शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा थर गोल कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटतात, एका बाजूला बिजागरी ठेवून. त्याला फ्लॅप म्हणतात. खाली लेझर मारून पान परत मिटवायचं. १९९० च्या सुमारास क्रीट बेटावरच्या इओआनिस पॅलिकारिस यांनी ही पद्धत बसवली. मी शिकलो तेव्हा फ्लॅप पात्याने कापायचो. डोळ्यावर रिंग बसवून ते यंत्र घरघर करत पुढे जायचं आणि ते दहा-बारा सेकंद मी श्वास धरून असायचो. आता फेम्टोसेकंद नावाचा दुसरा लेझर कापतो, फ्लॅप हवा तेवढा पातळ आणि एकसारखा मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उठतो. लॅसिकची लोकप्रियता या एका सकाळीवर उभी आहे.

काँटूरा हा चौथा प्रकार नव्हे. तेही लॅसिकच, फ्लॅपसकट. फरक एवढाच की तुमच्या कॉर्नियाचे बारीक उंचसखल भाग मोजून, त्या नकाशाप्रमाणे लेझर चालवतात. सिलिंडर जास्त किंवा वाकडातिकडा असेल, नकाशा खडबडीत असेल तर त्याचा उपयोग मी स्वतः बघितलाय. कॉर्निया मुळात गुळगुळीत असेल तर साध्या फेम्टो लॅसिकशी तुलना करताना फरक शोधावा लागतो. 'चष्म्यापेक्षाही चांगलं दिसेल' अशी जाहिरात वाचलीत तर ती जाहिरात म्हणूनच वाचा.

स्माइलमध्ये एक्सायमर लेझर वापरतच नाहीत, फ्लॅपही नाही. फेम्टोसेकंद लेझर कॉर्नियाच्या पोटातच एक पातळ भिंग कोरतो आणि दोन ते चार मिलिमीटरच्या बारीक चिरेतून डॉक्टर ते हाताने ओढून काढतात. पहिल्यांदा मुद्दाम बघा म्हणून मी ते भिंग नर्सच्या हातमोज्यावर ठेवून पेशंटच्या नातेवाइकांना दाखवायचो. ओल्या कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं, फुंकर मारली तर उडेल असं. जर्मनीतल्या वॉल्टर सेकुंडो आणि मार्कुस ब्लूम यांनी ही पद्धत आणली, अमेरिकेत तिला २०१६ मध्ये मान्यता मिळाली. स्माइल प्रो म्हणजे स्माइलचं मशीन बनवणाऱ्या कंपनीचंच वेगवान मशीन. सिल्क, क्लियर ही दुसऱ्या कंपन्यांची त्याच तत्त्वावरची नावं.

आता वही-पेन घ्या. तुम्ही जाडी लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत, कारण तीन सल्ल्यांचं कोडं त्याच आकड्यावर सुटतं.

उजवा डोळा घेऊ. मायनस ५ आणि सिलिंडर मायनस १, म्हणजे एका दिशेला मायनस ६ चं काम. एक्सायमर लेझर साडेसहा मिलिमीटरच्या वर्तुळात एका नंबरला साधारण १४ ते १५ मायक्रॉन खातो. सहा नंबरला ९० धरू. लॅसिक केलं तर फ्लॅप ११० आणि लेझर ९०, मिळून २००. उरले ३०८. पीआरके केलं तर साल ५० आणि लेझर ९०, मिळून १४०. उरले ३६८, आणि साल तर परत येणारच आहे. स्माइलचं भिंग थोडं जाड कोरावं लागतं, नाहीतर ते काढताना फाटतं. सहा नंबरला अंदाजे ११५ मायक्रॉन. वरचं झाकण १२०. मिळून २३५, खाली उरले २७३.

नियम काय? खाली किमान २५० उरलेच पाहिजेत असा जुना दंडक. मी ३०० च्या खाली जात नाही; काहीजण २८० वर थांबतात. दुसरा दंडक असा, की फ्लॅप आणि लेझर मिळून एकूण जाडीच्या ४० टक्क्यांपुढे जायचं नाही. लॅसिकमध्ये ५०८ पैकी २०० म्हणजे ३९ टक्क्यांच्या वर. दारात उभं राहिल्यासारखं. फ्लॅप १०० चा केला तर ३७ टक्के होतात, थोडी हवा मिळते. स्माइलवाले म्हणतील की झाकणाचे तंतू आम्ही गोल कापत नाही, त्यामुळे झाकणाची ताकदही धरा. त्यात तथ्य आहे. कॉर्नियाचा वरचा तिसरा हिस्साच सगळ्यात चिवट असतो. पण स्माइलनंतरही कॉर्निया सैल पडल्याच्या नोंदी आहेत, म्हणून एवढ्या एका मुद्द्यावर मी पैज लावत नाही.

म्हणजे बघा, तिघांपैकी कोणी खोटं बोललेलं नाही. पहिला सांगतोय की बसतंय. दुसरा सांगतोय की आमच्या पद्धतीच्या हिशेबात बसतंय. तिसऱ्याने, ज्याची फी सगळ्यात कमी, तुमच्या मुलीच्या डोळ्यात सगळ्यात जास्त शिल्लक ठेवलीय. 'साधं' या शब्दाने तुम्ही दचकलात, पण याबाबतीत तिसरा माणूस मला सगळ्यात विचारी वाटला.

आता डोळे चोळणं.

कॉर्निया हा ताणलेल्या कापडासारखा आहे. काहीजणांचा तो जन्मतःच जरा सैल विणीचा असतो. विशी-पंचविशीत तो मधोमध किंवा थोडा खाली पातळ होत पुढे फुगतो, घुमटाचा शंकू होतो. याला केरॅटोकोनस म्हणतात. ज्यांना ॲलर्जी आहे आणि जे पोरवयापासून मुठींनी डोळे चोळतात त्यांच्यात तो जास्त सापडतो. आपल्याकडे तो कमी नाही. नागपूर जिल्ह्याच्या खेड्यांमध्ये झालेल्या एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००९ मध्ये आले, तिशीच्या पुढच्या माणसांत त्याचं प्रमाण २.३ टक्के निघालं होतं. तिथे निकष फक्त घुमटाच्या वक्रतेचा होता, म्हणून तो आकडा मी जपून वापरतो. पण अर्धा टक्का जरी धरला तरी माझ्या ओपीडीत दर दोनशे माणसांमागे एक झाला. अशा डोळ्यावर लॅसिक करणं म्हणजे आधीच ओल आलेल्या भिंतीची वीट काढणं. दोन-तीन वर्षांत कॉर्निया फुगतो, नंबर वाढतो, चष्म्यानेही नीट दिसत नाही. याला एक्टेशिया म्हणतात आणि आमच्या धंद्यातला हा सगळ्यात नकोसा शब्द आहे.

एक तरुण इंजिनिअर माझ्याकडे आला होता. नंबर फक्त मायनस ३, जाडी ५३० च्या वर. कागदावर सोपी केस. कॉर्नियाच्या नकाशात खालची बाजू जराशी गरम, म्हणजे लालसर दिसत होती म्हणून मी नाही म्हटलं. तो चिडला, 'एवढ्या जाडीला काय होतंय?' म्हणाला. दुसरीकडे करून घेतलं. तीन वर्षांनी परत आला तेव्हा दिवे फुटल्यासारखे दिसत होते त्याला, चंद्र तीन. क्रॉस-लिंकिंग केलं, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरण वापरून तंतूंना कडकपणा आणला. फुगणं थांबलं. गेलेली नजर काही परत आली नाही. आता तो जाड कडक कॉन्टॅक्ट लेन्सवर आहे. म्हणून मी जाडीच्या आकड्यावर एकट्याने विसंबत नाही.

तुमच्या मुलीची पेंटाकॅमची, म्हणजे कॉर्नियाचा नकाशा काढणाऱ्या यंत्राची, रंगीत पानं तुमच्या हातात असतील. मोठ्या आवाजात कोणी वाचून दाखवत नाही ती, पण एवढं तुम्हालाही बघता येईल. वक्रतेच्या नकाशात सिलिंडरवाल्या डोळ्यात मधोमध एक डमरू दिसतो, पिवळा-केशरी. वरचं आणि खालचं अंग सारखं असलं तर ठीक. खालचं अंग मोठं, लालभडक आणि एका बाजूला झुकलेलं असेल तर डॉक्टरांना बोट ठेवून विचारा. दुसरं पान कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागाचं असतं. आजार आधी तिथे डोकावतो. तिसरं, सगळ्यात पातळ जागा मधोमध आहे की खाली सरकलीय. उजव्या-डाव्या डोळ्यात फार तफावत आहे का तेही. याचा अर्थ लावणं डॉक्टरांचं काम आहे, पण विचारलंत की ते पान पुन्हा एकदा नीट बघितलं जातं, हा माझा स्वतःवरचाही अनुभव आहे.

नकाशा घेण्याआधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद हव्यात. मऊ असतील तर निदान एक-दोन आठवडे, कडक असतील तर तीन-चार. लेन्स घालून गेलेल्या मुलींचे नकाशे मी कितीदा परत काढलेत. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो आणि त्यावर हिशेब केला तर तो चुकणारच. तुमची मुलगी लेन्स वापरते का ते पत्रात नाही, पण पुण्यातल्या आयटीतली लग्नाळू मुलगी म्हणजे वापरत असेलच असं मी धरून चाललोय.

मग करायचं काय? आत्ता जून चाललाय. आधी ॲलर्जीचे थेंब सुरू करा, खाज पूर्ण थांबवा. चोळायची सवय मोडायला दोन महिने लागतात. थंड पाण्याची पट्टी ठेवायची, हात गेलाच तर नाकाच्या बाजूला दाबायचं, बुबुळावर नाही. ऑगस्टच्या शेवटी नकाशा पुन्हा काढा आणि जुन्याशी ताडून बघा. जुने चष्म्याचे कागदही काढा. वर्षभरात अर्ध्या नंबरपेक्षा जास्त बदल असेल तर थांबायचं, लग्न असो नसो. सगळं स्थिर असेल आणि नकाशा स्वच्छ असेल तर मी तिला पीआरके सांगीन. चोळणाऱ्या माणसाच्या डोळ्यात फ्लॅप ठेवायला मन होत नाही. फ्लॅप कडेने बरा होतो, पण आत तो आयुष्यभर पूर्वीसारखा चिकटत नाही. माझ्याच एका पेशंटच्या डोळ्यात तिसऱ्या दिवशी कडेवरच्या भाच्याचं बोट गेलं होतं. फ्लॅप सरकून सुरकुतला. दोन तासांत तो आला म्हणून उचलून, धुऊन, पुन्हा बसवता आला. कोल्हापूरकडचे कुस्ती खेळणारे, कबड्डीवाले, पोलीस भरतीची तयारी करणारे यांना मी याच कारणाने पीआरके किंवा स्माइलकडे वळवतो.

पीआरकेचा एक धोका सांगायलाच हवा. नंबर जास्त असला की बरं होताना कॉर्नियावर धूसर डाग येऊ शकतो, त्याला हेझ म्हणतात. तो टाळायला ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन नावाचं औषध काही सेकंद लावतात आणि नंतर स्टेरॉइडचे थेंब देतात, महिना-दोन-तीन महिने. थेंबांनी काहींचा डोळ्याचा दाब वाढतो, म्हणून तपासणी चुकवायची नाही. आणि बाहेर पडताना गॉगल, हौसेपुरता नव्हे, औषध म्हणून.

खाज थांबली, नकाशा निर्दोष निघाला आणि मुलगी म्हणाली की मला ते तीन दिवस सोसायचे नाहीत, तर? मग पातळ फ्लॅपचं फेम्टो लॅसिक चूक म्हणणार नाही मी. स्माइलची खरी जमेची बाजू कोरडेपणात आहे. कॉर्नियातल्या संवेदनेच्या नसा कडेने आत येतात. फ्लॅप कापला की त्यातल्या पुष्कळ तुटतात, डोळ्याला आपण कोरडे आहोत हे कळत नाही आणि पाणी कमी सुटतं. स्माइलची चीर बारीक, नसा कमी तुटतात. वर्षभरात हा फरक बराच मिटतो, पण एसीत दहा तास स्क्रीनकडे बघणाऱ्या मुलीला पहिले सहा महिने फार लांब वाटतात. फक्त तिच्या जाडीत आणि तिच्या नंबरला स्माइलचा हिशेब मला तंग वाटतो. नंबर मायनस ३ असता तर याच पानावर मी उलट लिहिलं असतं.

ऑपरेशनची भीती बहुतेकांना एकाच गोष्टीची असते: डोळा हलला तर? लॅसिक आणि पीआरकेत कॅमेरा बाहुलीचा पाठलाग करतो; डोळा थोडा हलला तर लेझरही हलतो, फार हलला तर थांबतो. भूल म्हणजे फक्त थेंब. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहायचं, टकटक आवाज येतो आणि केस जळल्यासारखा वास. तो वास येणार हे मी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर माणसाला वाटतं डोळाच भाजतोय. फ्लॅपच्या आणि स्माइलच्या वेळी डोळा काचेच्या रिंगने चिकटवून धरतात, वीस-तीस सेकंद दाब जाणवतो, नजर अंधारून येते. तेव्हा दचकून डोकं हलवायचं नाही. एकदा माझ्या टेबलवर स्माइल चालू असताना एकाला ठसका लागला, पकड सुटली. त्या दिवशी थांबलो, नंतर पीआरके करून काम पुरं केलं. तेव्हापासून खोकला असेल तर मी तारीखच पुढे ढकलतो.

लग्नाच्या बाजूने बघितलं तर विसर्जन आटोपल्यावर करा. गुलाल, गर्दी, पथकाची धूळ मधे नको. (ती ढोलपथकात असेल तर यंदा ढोल नाही, हे आत्ताच सांगून ठेवा, भांडण आत्ताच होऊन जाऊ द्या.) आठवडाभर डोक्यावरून पाणी नाही, महिनाभर काजळ-आयलायनर नाही, पोहणंही महिनाभर बंद. डिसेंबरपर्यंत नजर बसलेली असेल. होमाच्या धुराजवळ बसताना कृत्रिम अश्रूंचे थेंब करवलीच्या पर्समध्ये असू द्या.

पैशाचं थोडं. नंबर साडेसातच्या आत असेल तर आरोग्य विमा यासाठी पैसे देत नाही, ते वगळणं पॉलिसीतच छापलेलं असतं. तेव्हा 'कॅशलेस करून देतो' म्हणणाऱ्याकडे जरा रोखून बघा. पॅकेजमध्ये वर्षभराच्या तपासण्या आणि थोडा नंबर उरला तर पुन्हा करायचा खर्च धरलाय का ते लेखी घ्या. घरात कोणी सरकारी भरतीची तयारी करत असेल तर त्यांनी जाहिरातीतले वैद्यकीय निकष आधी वाचावेत. रेल्वेत लोको पायलटला लॅसिक झालेलं चालत नाही, सैन्यदलात पदाप्रमाणे अटी बदलतात. चष्मा गेला आणि नोकरीही गेली अशी मुलं मी बघितलीत.

पडद्याची तपासणी बाहुली मोठी करून झालीय का? मायनस नंबरचा डोळा लांब असतो, त्याचा पडदा कडेला पातळ असतो, तिथे छिद्र असेल तर ते आधी लेझरने बुजवावं लागतं. कॉर्निया चपटा केल्याने डोळ्याची लांबी कमी होत नाही. चष्मा गेला तरी पडद्याची वर्षातून एकदा तपासणी तिला लागणारच. आणि ही सगळी फाईल, ऑपरेशनआधीच्या आकड्यांसकट, कपाटात सोन्याच्या शेजारी ठेवायला सांगा. साठीत मोतीबिंदू होईल तेव्हा आतल्या भिंगाचा नंबर काढायला तेव्हाच्या डॉक्टरला हे आकडे हवे असतील. काचबिंदूसाठी दाब मोजतानाही, कारण पातळ कॉर्नियावर दाब खरा आहे त्याहून कमी दिसतो.

नकाशात संशय निघालाच तर तिन्ही नावं विसरायची. मग आयसीएल म्हणून एक प्रकार आहे: कॉर्नियाला हात न लावता, बाहुलीच्या मागे आणि डोळ्याच्या स्वतःच्या भिंगाच्या पुढे एक मऊ लेन्स बसवतात. नको वाटली तर काढता येते. डोळ्याच्या आत शिरायचं म्हणजे जंतुसंसर्ग, दाब, लवकर मोतीबिंदू या जोखमी आल्या, आत पुरेशी जागाही लागते, आणि खर्च तुम्ही लिहिलेल्या तिन्ही आकड्यांच्या वर जातो. त्याबद्दल गरज पडली तर पुन्हा लिहा.

आता तुमचं. मायनस अडीच, वय ४६. तुम्ही पेपर वाचताना चष्मा काढून ठेवता ना? सुईत दोरा ओवताना, तांदूळ निवडताना, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचतानाही? चाळिशीत जवळचं दिसणं सगळ्यांचं कमी होतं, पण तुमच्या मायनस नंबरने तुम्हाला वाचायचा चष्मा फुकटात दिलाय. लेझरने दूरचं साफ केलं की तो जाईल आणि दुसऱ्या दिवशीपासून मोबाइल लांब धरावा लागेल. एक डोळा दूरसाठी आणि एक जवळसाठी ठेवायची युक्ती करता येते, पण ती सगळ्यांना मानवत नाही. हौस असेलच तर आधी एका डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स घालून पंधरा दिवस घरात वावरून बघा, जिने उतरून बघा, रात्री गाडी चालवून बघा. माझ्या बायकोचा नंबर तुमच्याएवढाच आहे, वयही जवळपास तेच. तिचं मी केलेलं नाही, आणि तिनेही अजून विचारलेलं नाही.